पॉलिश चढण्याआधीची रायफल पाहावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत खास घडवून घेतलेल्या शिकारी रायफलींवर आलेला लेख मी दोनदा वाचला. अक्रोडाच्या लाकडातील रेषा, पोलादावरचे कोरीवकाम आणि दस्त्यावरची बारीक चौकडी यांचे वर्णन लेखकाने मन लावून केले आहे आणि त्या कारागिरीबद्दल त्यांना वाटणारा आदर मलाही वाटतो. मात्र गनस्मिथ, म्हणजे बंदूक घडवणारा कारागीर, निवडताना त्याच्या पूर्ण झालेल्या कामाचा देखणेपणा हीच मुख्य कसोटी मानावी, असा जो सल्ला लेखाच्या अखेरीस दिला आहे, तो वाचून मला गप्प राहवले नाही. परवाना आणि हंगाम पाळून, कायद्याने मुभा असलेल्या ठिकाणी मी गेली तीसेक वर्षे शिकार करीत आलो आहे. या काळात मी तीन रायफली घडवून घेतल्या. त्यांपैकी पहिली रायफल मी नेमक्या याच कसोटीवर कारागीर निवडून घडवली होती आणि तीच फसली.

त्या कारागिराचा लाकडावरचा हात असा होता की दस्ता आणि पोलाद यांच्या सांध्यात केससुद्धा शिरला नसता. १८९८ च्या बनावटीची एक जुनी लष्करी माउझर अ‍ॅक्शन, म्हणजे काडतूस भरणारी आणि झाडणारी यंत्रणा, माझ्याकडे होती आणि तिच्यावर मला .३०८ विंचेस्टर या काडतुसासाठी रायफल करून हवी होती. त्याने ती वर्षभरात करून दिली. कागदी लक्ष्यावर ती उत्तम चालली, पाहणाऱ्या प्रत्येकाने हातात घेऊन तिचे कौतुक केले आणि पहिला हंगामही नीट गेला. दुसऱ्या हंगामात एका संध्याकाळी हरणावरचा माझा नेम किंचित मागे पडला आणि ते नुसते जखमी झाले. ती चूक सर्वस्वी माझीच होती. मी लगेच बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, मागे घेऊन पुढे ढकलला, पण दुसऱ्या काडतुसाचे टोक चेंबरच्या, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसते त्या घराच्या, खालच्या काठावर अडले आणि बोल्ट अर्ध्या वाटेत थांबला. ते मोकळे करेपर्यंत हरीण झुडपांत दिसेनासे झाले होते. ते आम्हाला सापडले दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या जनावराने ती रात्र कशी काढली असेल, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि हे पत्र लिहिण्याचे खरे कारणही तेच आहे.

पुढे दुसऱ्या एका गनस्मिथने ती रायफल उघडून पाहिली तेव्हा दोष लगेच सापडला. ती अ‍ॅक्शन मुळात ८ × ५७ माउझर या काडतुसासाठी घडलेली होती. माउझरच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या पेटीत, काडतुसे दोन रांगांत, एकाआड एक बसतात. एकमेकांना टेकलेल्या तीन काडतुसांचे मध्य जोडले तर समभुज त्रिकोण होतो आणि त्या हिशेबाने पेटीची आतली रुंदी काडतुसाच्या व्यासाच्या सुमारे १.८७ पट लागते, म्हणजे बुडाशी १२ मिलिमीटर जाडीच्या काडतुसाला साधारण २२.४ मिलिमीटर. हाच हिशेब काडतुसाच्या खांद्यापाशी, जिथे ते निमुळते होते तिथे, वेगळा करावा लागतो. ८ × ५७ आणि .३०८ यांची बुडाकडची जाडी जवळजवळ सारखी असते, पण .३०८ चे अंग कमी निमुळते, खांदा जाड आणि बराच मागे असतो. त्यामुळे जुन्या पेटीत ते खांद्यापाशी काही दशांश मिलिमीटरने आवळले जाते. शिवाय ५१ मिलिमीटर लांबीच्या पुंगळीचे (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याचे) हे काडतूस ५७ मिलिमीटरच्या पुंगळीसाठी केलेल्या पेटीत मागेपुढे सरकत राहते. पेटी आणि तिच्यावरच्या दोन पट्ट्या, ज्यांच्यामधून काडतूस वर येते, नव्या काडतुसाच्या मापाने घडवणे हे काही तासांचे चिकाटीचे काम आहे. माझ्या कारागिराने त्या भागाला कानस लावलीच नव्हती. नळी बदलली, चेंबर कोरले, वर सुंदर लाकूड चढवले आणि काम संपले.

म्हणून गनस्मिथच्या शोधात असलेल्या प्रत्येकाला माझे पहिले सांगणे असे, की रायफलवर ब्लूइंग (पोलादाला गंजापासून जपणारा निळसर-काळा थर) आणि लाकडावर तेल चढण्याआधी, ती उघड्या पोलादाच्या अवस्थेत पूर्ण जोडलेली असताना आपल्याला हाताळू व चालवू देणार का, हे ऑर्डर देण्यापूर्वीच विचारावे. या अवस्थेत दोष दिसला तर तो कानशीने, दगडाने किंवा लेथवर काढता येतो. पॉलिश आणि ब्लूइंग झाल्यावर तोच दोष काढायचा म्हणजे आठवड्यांचे काम पुसून टाकणे, आणि अशा वेळी गिऱ्हाइकाला समजावून परत पाठवण्याचा मोह चांगल्या कारागिरालाही होऊ शकतो. ज्याला आपल्या कामाची खात्री आहे, तो या मागणीने दुखावत नाही. माझ्या अनुभवात तर त्याला बरेच वाटते, कारण बहुतेक गिऱ्हाइके फक्त लाकडाबद्दलच विचारतात.

त्या भेटीत काय पाहावे? सर्वप्रथम बारूद आणि कॅप नसलेली डमी काडतुसे घेऊन मॅगझिन पूर्ण भरावे आणि बोल्ट सावकाश, मध्यम आणि जोरात अशा तिन्ही वेगांनी चालवावा. रायफल सरळ धरून, कुशीवर वळवून आणि तोंड वरखाली करूनही हे करावे. मॅगझिनमधले शेवटचे काडतूस विशेष लक्ष देऊन पाहावे, कारण त्याला खालून दुसऱ्या काडतुसाचा आधार नसतो आणि अडचण बहुधा तिथेच येते. आपण शिकारीत ज्या आकाराच्या गोळ्या वापरणार, त्याच आकाराच्या गोळ्या डमीत असाव्यात, कारण बोथट टोकाची शिशाची गोळी आणि अणकुचीदार गोळी चेंबरच्या उतारावर सारख्या चढत नाहीत. हे सगळे करताना कारागीर शेजारी उभा राहून काय पाहतो, याकडेही लक्ष असू द्यावे.

अ‍ॅक्शनच्या प्रकारांवरून शिकाऱ्यांमध्ये कायम वाद चालतो. माउझर पद्धतीत मोठा नखासारखा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी चेंबरबाहेर ओढणारा भाग, काडतूस मॅगझिनमधून सुटताच त्याची कड पकडतो, त्यामुळे घाईत बोल्ट अर्धवट चालवला तरी दोन काडतुसे एकामागे एक चेंबरकडे ढकलली जात नाहीत. १९३६ च्या मूळ विंचेस्टर मॉडेल ७० मध्ये हेच तत्त्व होते. १९६२ च्या रेमिंग्टन मॉडेल ७०० मध्ये काडतूस मोकळेच पुढे ढकलले जाते आणि बोल्ट बंद होताना एक्स्ट्रॅक्टर त्याच्या कडेवर बसतो. ही रचना साधी आहे आणि अचूकतेत कुठेही कमी पडत नाही. धोकादायक जनावरांच्या मागावर जाणाऱ्याने पहिली पद्धत निवडावी, हे माझे मत आहे, पण हरणाच्या शिकारीत दोन्ही तितक्याच कामाच्या आहेत. तुमच्या कामासाठी कोणती आणि का, हे गनस्मिथ तुमच्या शिकारीची माहिती विचारून मग सांगतो, की त्याच्याकडे जी पडून आहे तीच चांगली ठरवतो, एवढे मात्र पारखावे.

जुनी लष्करी अ‍ॅक्शन घेऊन जाणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अमेरिकेत १९१७ च्या सुमारास १९०३ च्या बनावटीच्या स्प्रिंगफील्ड रायफलींचे काही रिसीव्हर, म्हणजे नळी आणि बोल्ट धरणारे पोलादी अंग, गोळी झाडताना फुटले. चौकशीत असे आढळले, की कारखान्यातील अनुभवी माणसे भट्टीतल्या पोलादाचे तापमान त्याच्या रंगावरून डोळ्यांनीच ठरवत होती आणि लख्ख उजेडाच्या दिवशी पोलाद होते त्याहून थंड भासल्याने ते जादा तापवले जात होते. त्यानंतर तापमान मोजण्याची उपकरणे आली आणि प्रक्रियाही बदलली. परंतु स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० च्या खालच्या आणि रॉक आयलंड कारखान्याच्या २,८५,५०७ च्या खालच्या क्रमांकांच्या रायफली आजही संशयास्पद मानल्या जातात. असा क्रमांक पाहूनही जो गनस्मिथ निमूटपणे नवी नळी बसवायला तयार होतो, त्याच्याकडून काहीही करून घेऊ नये. नाही म्हणण्याची तयारी हा या धंद्यातला मोठा गुण आहे, आणि आपल्याला हवे ते करायला नकार देणाऱ्या माणसावर रागावून आपण दुसरीकडे जातो, ही आपली चूक असते.

आता नळी आणि चेंबरकडे येतो. इथले काम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कारागिराच्या तोंडून ते कसे सांगितले जाते यावरच बरेचसे ठरवावे लागते. रिसीव्हरचे तोंड, आटे आणि बोल्टचे लग (बोल्टला जागी अडकवून ठेवणारे उंचवटे) हे सगळे नळीच्या अक्षाशी काटकोनात व एकाच मध्यावर आहेत का, हे त्याने कसे तपासले? दोन्ही लग सारखे टेकतात का? चेंबर कोरण्याआधी लेथवर नळी लावताना तो नळीच्या बाहेरच्या अंगाचा मध्य धरतो, की आतल्या छिद्राचा? नळीचे छिद्र बाहेरच्या अंगाच्या अगदी मध्यातून क्वचितच जाते, त्यामुळे या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मोलाचे आहे. काडतूस चेंबरमध्ये कुठवर बसते ते मोजण्यासाठी दोन गेज असतात. पहिल्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे आणि दुसऱ्यावर होता कामा नये. .३०८ सारख्या काडतुसात या दोहोंमधला फरक साधारण एक दशांश मिलिमीटर असतो. ही जागा जास्त झाली तर पुंगळी ताणली जाऊन बुडापाशी तुटू शकते आणि तप्त वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. दोन्ही गेज आपल्यासमोर लावून दाखवायला पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि तेवढी विनंती करण्याचा संकोच वाटू देऊ नये.

नळीतल्या खाचांच्या पिळाबद्दलही आधी बोलून घ्यावे. जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये मांडलेल्या सूत्रापासून एक गोष्ट नेमबाजांच्या परिचयाची आहे, की गोळीच्या व्यासाच्या मानाने तिची लांबी जितकी अधिक, तितका पीळ घट्ट हवा. शिशाच्या गोळीइतक्याच वजनाची निव्वळ तांब्याची गोळी लांब असते, कारण तांबे हलके. त्यामुळे तांब्याची गोळी वापरणाऱ्याने हे सांगितले नाही आणि गनस्मिथने विचारले नाही, तर महागडी नळी चुकीच्या पिळाची येऊ शकते. माझ्या तिसऱ्या रायफलच्या कारागिराने मला विचारलेला पहिलाच प्रश्न गोळीचा होता. दुसरा प्रश्न होता, की मी शिकारीला जाताना अंगात किती कपडे घालतो.

तो प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटला, पण दस्त्याची लांबी त्यावरच ठरते. पातळ सदऱ्यात खांद्याला नीट लागणारा दस्ता जाड कोटात लांब पडतो, काखेपाशी अडकतो आणि डोळा दुर्बिणीच्या मागे हव्या त्या अंतरावर येत नाही. चांगला कारागीर माप घेताना तुम्हाला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगतो आणि मग डोळे उघडल्यावर समोर काय दिसते ते विचारतो. गाल जिथे टेकतो तिथली उंची दुर्बिणीच्या उंचीशी जुळलेली असावी. म्हणून दुर्बीण आणि ती बसवायचे माउंट कोणते, हे दस्ता कोरण्याआधी ठरले पाहिजे.

लाकडाच्या सौंदर्याबद्दल मूळ लेखात पुष्कळ आले आहे, म्हणून मी एकच गोष्ट सांगतो. मूठ धरतो त्या बारीक भागातून लाकडाचे तंतू सरळ, लांबीच्या दिशेने गेलेले असावेत. तिथे तंतू आडवे गेले असतील तर सर्वांत नक्षीदार तुकडासुद्धा एखाद्या पडझडीत मुठीपाशी मोडतो. सुंदर रेषा मागच्या रुंद भागात हव्या तेवढ्या असू द्याव्यात. लाकूड वर्षानुवर्षे सुकवलेले आहे ना आणि त्यातील ओलावा मोजला आहे ना, हेही विचारावे, कारण ओलसर लाकूड पुढे आकसते किंवा वाकते आणि नळीला रेटा देऊन नेम हलवते.

दस्त्यात पोलाद कसे बसले आहे, हे मात्र कुणालाही स्वतः तपासता येते. नळी आणि लाकूड यांच्या सांध्यावर बोट ठेवून अ‍ॅक्शनचा एक स्क्रू हळूहळू सैल करून पुन्हा आवळावा. बोटाला नळी वरखाली सरकल्याचे जाणवले तर पोलाद लाकडात ताणाखाली बसले आहे आणि बेडिंग, म्हणजे पोलाद लाकडात बसवण्याचे काम, पुन्हा करावे लागेल. नळी मोकळी ठेवली आहे असे कारागीर म्हणत असेल, तर कागदाची पट्टी नळीखालून रिसीव्हरपर्यंत विनाअडथळा सरकली पाहिजे. रायफल रिकामी असल्याची खात्री स्वतः करूनच हे सगळे करावे, हे वेगळे सांगायला नको.

चाप आणि सेफ्टी यांच्याबाबतीत मी कुणाचीही भीड ठेवत नाही. हलक्या चापाचे आकर्षण नव्या शिकाऱ्याला फार असते, पण गारठलेल्या बोटांनी किंवा हातमोजे घालून चालवायच्या रायफलला दीड किलोच्या आसपासचा, मध्ये न घसरता एकदम सुटणारा चाप पुरेसा हलका आहे. रिकाम्या रायफलची सेफ्टी लावून चाप ओढावा, सोडावा आणि मग सेफ्टी काढावी. त्या क्षणी फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या कॅपवर आपटणारी सुई, सुटली तर ती रायफल कार्यशाळेबाहेर न्यायच्या लायकीची नाही. बोल्ट जोरात आपटून बंद केल्यावर आणि दस्त्याच्या बुडावर रबरी हातोड्याने ठोकल्यावरही ती सुटता कामा नये. स्पर्धेच्या रायफलींसारखा अतिहलका चाप शिकारी रायफलवर करून द्यायला जो लगेच तयार होतो, त्याला शिकारीत पाय घसरतो हे ठाऊक नसावे.

अचूकतेचा पुरावा म्हणून अनेक गनस्मिथ तीन गोळ्यांचे एकच छिद्र झालेला कागद दाखवतात. १०० मीटरवर एक मिनिट कोन (एका अंशाचा साठावा भाग) म्हणजे सुमारे २९ मिलिमीटर, आणि त्याच्या निम्म्यात तीन गोळ्या बसलेला कागद पाहून मन हरखते. पण तीन गोळ्या योगायोगानेही जवळजवळ पडतात. दहा वेळा तीन-तीन गोळ्या झाडून उरलेले नऊ कागद टोपलीत टाकले असतील, तर त्या एका कागदावरून काहीच कळत नाही. मध्यम आकाराच्या हरणाच्या हृदय-फुफ्फुसांचा भाग साधारण वीतभर असतो. तिथे अर्ध्या मिनिटापेक्षा महत्त्वाचे आहे ते हे, की थंड नळीतून निघालेली पहिली गोळी आज, आठवड्याने आणि पावसाळी दिवशी त्याच जागी लागते का. म्हणून मी एकाच कागदावर निरनिराळ्या दिवशी, प्रत्येक दिवशी थंड नळीची फक्त एक, अशा पाच गोळ्या मागतो. माझ्या दोन नव्या रायफलींचे असे कागद माझ्याकडे आहेत. ते कुणाला दाखवावेत इतके देखणे नाहीत, पण त्यांच्यावर माझा भरवसा आहे.

व्यवहाराबद्दल थोडक्यात. नळीची जात, लांबी व पीळ, चेंबर कोरण्याचा रीमर, चापाचा ताण, वजन, दस्त्याची मापे, हप्ते आणि मुदत हे सर्व लेखी असावे आणि शेवटचा हप्ता चाचणीनंतरच द्यायचा, हेही त्यातच असावे. नळी, लाकूड, कोरीवकाम आणि ब्लूइंग यांपैकी काय तो स्वतः करतो आणि काय बाहेर देतो, हे विचारण्यात काहीच गैर नाही. इंग्रजी परंपरेतल्या नामवंत बंदुकाही पूर्वापार वेगवेगळ्या कसबी हातांतून फिरतच पूर्ण होत आल्या आहेत. मात्र शेवटची जबाबदारी कुणाची, याचे उत्तर एकाच नावाचे यावे. ज्या देशांत सरकारमान्य प्रूफ हाउस, म्हणजे बंदुका जादा दाबाने तपासून शिक्का मारणारी संस्था, आहे, तिथे नवी नळी बसवलेली रायफल पुन्हा प्रूफसाठी पाठवावी लागते का, हे गनस्मिथने आपण न विचारता सांगितले पाहिजे. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ पासून हे काम करीत आहे. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या सी.आय.पी. या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या नियमांनुसार शिकारी रायफल नेहमीच्या कमाल दाबापेक्षा २५ टक्के अधिक दाबाच्या काडतुसाने तपासली जाते. त्या शिक्क्याने रायफल अचूक ठरत नाही, पण तो नसलेली रायफल मी गालाला लावणार नाही.

कारागिराची जुनी गिऱ्हाइके शोधताना नव्या कोऱ्या रायफली पाहत बसू नये. पाच-सात वर्षे पावसात, चिखलात, गाडीत आपटत वापरलेली त्याची एखादी रायफल पाहायला मिळाली तर ती सोडू नये. मालकाला विचारावे, की काही बिघडले तेव्हा काय झाले. काहीच बिघडले नाही असे सांगणाऱ्यापेक्षा, अमुक बिघडले आणि कारागिराने अमुक दिवसांत ते नीट करून दिले असे सांगणारा मालक मला अधिक उपयोगी वाटतो.

माझी तिसरी रायफल उघड्या पोलादाची असताना मी कार्यशाळेत गेलो आणि डमी काडतुसांचे मॅगझिन दहा वेळा भरून रिकामे केले. आठव्या खेपेला शेवटचे काडतूस किंचित रेंगाळले. मला ते जाणवलेही नव्हते. कारागिरानेच माझ्या हातातून रायफल घेतली, पेटीतला फॉलोअर, म्हणजे काडतुसे वर ढकलणारी पट्टी, काढला, त्याच्या कडेवर दगड फिरवला आणि मला पुढच्या आठवड्यात पुन्हा यायला सांगितले. आपल्या लेखकांनी या विषयावर पुन्हा लिहिले, तर त्यांना माझी विनंती आहे, की कोरीवकामाच्या छायाचित्रांबरोबर अशा एखाद्या अपुऱ्या, राखाडी, हातांचे ठसे उमटलेल्या रायफलचेही एक छायाचित्र छापावे आणि तिचा फॉलोअर, मॅगझिनच्या पट्ट्या व बोल्टचे लग वाचकांना जवळून दाखवावेत.

आपला नम्र,
एक वाचक